शिंपल्यावरून समुद्र : सूक्ष्मजीवाश्म, खचदरी आणि अनुमानाच्या मर्यादा

१

उजनीच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरले म्हणजे इंदापूर तालुक्यात भीमेचा जुना काठ उघडा पडतो. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत त्या बाजूच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने पांढरा पडलेला एक शिंपला कागदात गुंडाळून विभागात आणला, माझ्या मेजावर ठेवला आणि विचारले, "सर, आपल्याकडे पूर्वी समुद्र होता का?" शिंपला नदीच्या चिखलात राहणाऱ्या, गोड्या पाण्यातील प्राण्याचा होता. एवढे सांगून प्रश्न मिटविता येण्यासारखा होता, आणि त्या दिवशी मी तो तसा मिटविलाही. परंतु मागाहून विचार करता असे वाटले की, विद्यार्थ्याची चूक शिंपला ओळखण्यापुरतीच होती. ज्या वाटेने तो शिंपल्यावरून समुद्राकडे गेला ती वाट भूशास्त्रज्ञांचीच आहे. फरक इतकाच की, त्या वाटेवरील प्रत्येक पायरी भूशास्त्रज्ञाने तपासून घ्यावी अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते ते पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने भूशास्त्रातील प्रश्नास हात घालावा, याबद्दल थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. खडक कोणता, कवच कोणत्या जातीचे, थराचे वय किती, हे ठरविण्याचा अधिकार माझ्याकडे नाही व तसा दावाही नाही. तथापि ऐतिहासिक भाषाशास्त्र आणि भूशास्त्र या दोहोंचा धंदा एकच आहे : जे आता पाहता येत नाही त्याचे, जे उरले आहे त्यावरून अनुमान करणे. अनुमानाचे वाक्य त्याच्या पुराव्यापेक्षा मोठे झाले आहे काय, हा प्रश्न उभय शास्त्रांना समान आहे, आणि त्याचे परीक्षण करण्याची सवय आमच्या शास्त्राने आम्हांस लावली आहे.

लेखातील मुख्य म्हणणे प्रारंभीच सांगतो. 'येथे सागरी कवच सापडले', 'येथे समुद्राचे पाणी आले होते', 'ते पाणी अमुक मार्गाने आले' आणि 'तो मार्ग म्हणजे एक खचदरी होती', ही चार स्वतंत्र विधाने आहेत. पहिले खरे ठरल्याने उरलेली तीन आपोआप खरी ठरत नाहीत. सूक्ष्मजीवाश्मांच्या आधारे प्राचीन समुद्रांचे नकाशे काढणाऱ्या लेखनात ही चार विधाने पुष्कळदा एका श्वासात केली जातात, आणि मराठीत ती उतरताना त्यांच्यातील सीमारेषा आणखीच पुसट होतात.

२

ज्यांना या विषयाचा परिचय नाही अशा वाचकांसाठी साधनांची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. सूक्ष्मजीवाश्म म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट पाहता येणारे जीवावशेष. त्यांत फोरॅमिनिफेरा या एकपेशीय प्राण्यांच्या कवचांना मोठे महत्त्व आहे. ही कवचे बहुधा एका मिलिमीटरहून लहान व चुन्याची असून, एकापुढे एक वाढत गेलेल्या कप्प्यांची बनलेली असतात. गाळाचा नमुना पाण्यात भिजवून सुटा करावयाचा, बारीक चाळणीतून धुवावयाचा, उरलेले कण वाळवावयाचे आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेचावयाचे, अशी ही चिकाटीची विद्या आहे. फोरॅमिनिफेरांच्या काही जाती समुद्रतळावर राहतात. त्यांना तळवासी म्हणू. काही पाण्यात तरंगत राहतात. त्या प्लवक होत. प्लवक जाती खुल्या समुद्रात दूरवर पसरतात आणि भूशास्त्रीय मानाने लौकर नाहीशा होतात, म्हणून त्या खडकाचे वय सांगतात. तळवासी जाती पाण्याची खोली व क्षारता यांना बांधलेल्या असतात, म्हणून त्या परिस्थिती सांगतात. यांच्या जोडीला ऑस्ट्राकोडा हे दोन शकलांच्या कवचाचे सूक्ष्म जीव येतात. ते गोड्या, मचूळ आणि खाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या पाण्यात राहतात, पण प्रत्येक पाण्यातील जाती निराळ्या; त्यामुळे फोरॅमिनिफेरांची साक्ष तपासण्यास हा दुसरा साक्षीदार फार उपयोगी पडतो.

खचदरी आणि समुद्र यांचा संबंधही स्वाभाविक आहे. भूकवच ताणले जाऊन दोन विभंगांमधील पट्टा खाली बसतो. त्याचा तळ पुरेसा खोल गेला आणि एका टोकास दार मिळाले म्हणजे समुद्र आत येतो. तांबडा समुद्र हे त्याचे आज दिसणारे उदाहरण होय. त्याच्या दक्षिण टोकाजवळ इथिओपिया व एरिट्रिया या देशांत पसरलेला डॅनाकिलचा खळगा समुद्रपातळीहून शंभर मीटरांहून अधिक खाली आहे. तेथे पूर्वी आलेल्या समुद्राने मागे ठेवलेली प्रवाळे आणि मिठाचे जाड थर आजही उघडे पडलेले आहेत. तेथे कवच, प्रवाळ, मीठ आणि भूरूप हे चारही पुरावे एकाच दिशेने बोट दाखवितात. असा चौघांचा एकमुखी जबाब सर्वत्र मिळत नाही.

आपल्या बाजूस या प्रकारचे सर्वांत भक्कम उदाहरण नर्मदेच्या खोऱ्याचे आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासचे चुनखडक सागरी आहेत, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूवर्णन प्रसिद्ध केले, त्यात या थरांचे वर्णन आहे. पुढे प्रा. चिपळूणकर यांनी १९३० नंतरच्या दशकात बाघ थरांतील समुद्री साळू व द्विपुट प्राणी यांच्या जीवाश्मांचा तपशीलवार अभ्यास केला, आणि १९९५ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राजशेखर यांनी तेथील फोरॅमिनिफेरांवर निबंध लिहिला. सुमारे नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खचदरीत समुद्र शिरला होता, या विधानामागे अशी शंभरांहून अधिक वर्षांची, अनेक वर्गांच्या प्राण्यांची आणि परस्परांना तपासणारी साक्ष आहे. येथे शंकेस जागा नाही. शंकेला सुरुवात होते ती या सिद्ध समुद्राच्या जोरावर दुसरा समुद्र उभा केला जातो तेव्हा.

३

मध्य प्रदेशाच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे दख्खनच्या दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये सापडलेला गाळाचा थर आहे. अशा थरांस अंतःट्रॅपी थर म्हणतात. २००९ मध्ये गेर्टा केलर आणि त्यांचे सहकारी यांनी या थरातून प्लवक फोरॅमिनिफेरा मिळाल्याचे प्रसिद्ध केले. निबंधाच्या लेखकांत सुनील बाजपेयी, अशोक साहनी आणि नागपूरचे धनंजय मोहबे ही भारतीय भूशास्त्रात मान्यता पावलेली नावे आहेत. ही कवचे ज्या काळाची आहेत तो डायनोसॉरांच्या विनाशानंतरचा अगदी आरंभीचा काळ, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

या काळाचा पट्टा ओळखला जातो तो युगुबिना या जातिनामाच्या एका सूक्ष्म कवचावरून. हे नाव इटलीतील गुब्बिओ या गावाच्या जुन्या लॅटिन नावावरून १९६४ मध्ये दिले गेले. आमच्या शास्त्रात गुब्बिओ ठाऊक आहे ते तेथे सापडलेल्या सात कांस्यपटांमुळे; उंब्रियन या लुप्त भाषेचे आपले बहुतेक ज्ञान त्या पटांवर अवलंबून आहे. एकाच डोंगरगावाने एका शास्त्राला मृत भाषेची आणि दुसऱ्याला मृत समुद्राची खूण पुरवावी, हा योगायोग वाचून मला आनंद झाला. आणि खरे सांगावयाचे तर झिलमिलीच्या निबंधाकडे मी ओढला गेलो तो प्रथम यामुळेच.

निबंधातील निरीक्षणे काळजीपूर्वक केलेली आहेत. लेखक केवळ कवचांवर विसंबलेले नाहीत. त्याच थरात मचूळ पाण्यातील ऑस्ट्राकोडा मिळाले. गाळाची रचना, खनिजे आणि समस्थानिके यांचाही विचार झाला. कवचे असलेला भाग खाली व वर जमिनीवरील वा गोड्या पाण्यातील गाळाने बांधलेला आहे, हेही त्यांनी नोंदविले. या सर्वांवरून 'येथे काही काळ समुद्राचे पाणी पोहोचले होते' हे विधान ग्राह्य मानण्यास हरकत दिसत नाही.

परंतु निबंधाचे शीर्षक याहून पुष्कळ मोठे आहे. भारताच्या आरपार जाणाऱ्या एका मोठ्या समुद्रमार्गाची ती घोषणा आहे. ज्या भागात कवचे मिळाली त्याची जाडी मीटरभरदेखील नाही. जाडी थोडी म्हणून पुरावा खोटा ठरत नाही, हे खरे; पण एका ठिकाणच्या मीटरभर गाळावरून देशाच्या आरपार जाणारा मार्ग ठरवावयाचा, तर मधल्या मुक्कामांची साक्ष हवी. किनाऱ्यापासून छिंदवाड्यापर्यंत त्याच काळाचे, तशीच कवचे असलेले थर ओळीने मिळाले तर तो मार्ग होय. लेखकांनी ती उणीव भरून काढली आहे ती नर्मदा व तापी यांच्या खचदऱ्यांनी : दरी होती, खोलगट होती, पूर्वी तिच्यातून समुद्र आलाही होता, तेव्हा पुन्हा आला असला तर तिथूनच आला असणार.

या युक्तिवादात दोन सांधे कच्चे आहेत. बाघचा समुद्र झिलमिलीच्या समुद्राहून अडीच ते तीन कोटी वर्षांनी जुना आहे, आणि बाघ व छिंदवाडा यांच्यात सुमारे चारशे किलोमीटरांचे अंतर आहे. काळाने आणि स्थळाने इतक्या दूर असलेल्या दोन घटनांस एकाच दरीच्या नावाने जोडणे म्हणजे सातवाहनकालीन शिलालेखावरून पेशवाईतील बोलीचे रूप ठरविण्यासारखे आहे. दुसरे असे की, आग्नेयेकडे गोदावरीच्या मुखाशी राजमहेंद्रीजवळ याच काळाचे सागरी अंतःट्रॅपी थर आहेत, आणि प्राणहिता-गोदावरीचे खोरे हीसुद्धा खचदरीच आहे. मग दार पश्चिमेचे की आग्नेयेचे? झिलमिलीच्या कवचांत याचे उत्तर नाही. प्लवक जाती सर्व समुद्रांतून पसरतात. जो गुण त्यांना काळाचे उत्तम साक्षीदार बनवितो, तोच गुण त्यांना दिशेचे दुबळे साक्षीदार बनवितो.

४

पहिल्या पायरीविषयीही, म्हणजे कवचावरून पाण्याकडे जाण्याविषयीही, थोडी सावधगिरी आवश्यक आहे. सागरी कवच समुद्राबाहेर पोहोचण्याच्या निदान तीन वाटा ज्ञात आहेत.

पहिली वाऱ्याची. थरच्या वाळवंटातील टेकड्यांच्या वाळूत, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, फोरॅमिनिफेरांची कवचे सापडतात. ती वाऱ्याने वाहून आणलेली आहेत, असे गाउडी व स्पर्लिंग यांनी १९७७ मध्ये दाखविले. सौराष्ट्रातील मिलिओलाइट नावाचा चुनखडक तर नावातच एका फोरॅमिनिफेराची आठवण वाहतो, आणि तरीही त्यातील काही भाग वाऱ्याने रचलेला असावा असे मत इव्हान्सने १९०० मध्येच मांडले होते. दुसरी वाट पक्ष्यांची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात समुद्राशी कधीही संबंध न आलेल्या खाऱ्या तळ्यांत फोरॅमिनिफेरा जिवंत सापडतात. कॅन आणि डी डेकर यांनी १९८१ मध्ये त्यांचे वर्णन केले. पाणपक्ष्यांच्या पायांना लागून ते तेथे गेले असावेत, असे मानले जाते. भिगवणच्या पाणथळीत हिवाळ्यात कुरव पक्षी येतात हे त्या भागातील सर्वांना ठाऊक आहे. समुद्रपक्षी दिसला म्हणून भीमेला कोणी खाडी म्हणत नाही. तिसरी वाट पुनर्निक्षेपाची. जुना सागरी थर झिजतो, त्यातील कवचे सुटी होऊन नव्या गाळात बसतात, आणि नव्या थराला जुन्या समुद्राचे खोटे प्रमाणपत्र मिळते.

या सर्व शंकांना बारामती तालुक्यातच एक बोधप्रद समांतर उदाहरण आहे. कऱ्हेच्या काठी मोरगाव येथे नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारे मिळाली आहेत. राखेतील काचकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याजोगे आहेत. आता बारामतीची सगळी भूमीच लाव्हाची. तेव्हा राख येथल्याच ज्वालामुखीची, असे एखाद्यास वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याबरोबर आलेली आहे, असे तिच्या रासायनिक घडणीवरून ठरते. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. राख त्यामानाने कालपरवाची. पण किती कालपरवाची, याविषयी मात्र एकमत झाले नाही. मोरगावची आणि जुन्नरकडील बोरी येथील राख सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची की सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीची, हा वाद दीर्घकाळ चालला, आणि त्याच्या मुळाशी राख पडली तेथेच राहिली की नदीने ती पुन्हा उचलून टाकली, हाच प्रश्न होता. कण कोठून आला हे निश्चित झाले तरी तो त्या थरात केव्हा व कसा आला हे निश्चित होत नाही, हा धडा ज्यांना हवा असेल त्यांनी कऱ्हेचा काठ पाहावा.

आमच्या शास्त्रात हा प्रश्न रोजचा आहे. 'अडकित्ता' या शब्दात कन्नडातील सुपारीवाचक 'अडके' आहे. एवढ्यावरून ज्या घरी अडकित्ता आहे ते घर पूर्वी कन्नड बोलत होते, असे कोणी म्हणणार नाही. वस्तू बाजारातून आली, तिचे नावही आले. सुटा शब्द वाऱ्याने आलेल्या कवचासारखा आहे. परंतु 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळणे आणि सामावून घेणे हा भेद, द्राविडी भाषांशी जुळतो, आणि असा भेद बाजारातून येत नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून येतो. त्याला सर्वनामे आणि क्रियापदे यांच्या साऱ्या व्यवस्थेत जागा करून द्यावी लागते. साउथवर्थने १९७१ मध्ये मराठीच्या घडणीविषयी जे धाडसी अनुमान केले त्याचे बळ शब्दांच्या यादीत नसून अशा व्यवस्थेत आहे. ते अनुमान मान्य करावे की नाही हा वेगळा प्रश्न. पण त्याने कोणत्या जातीचा पुरावा मागावयाचा हे बरोबर ओळखले होते.

सूक्ष्मजीवाश्मांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. एक कवच म्हणजे उसना शब्द. लहानमोठ्या वयाची कवचे एकत्र, तळवासी आणि प्लवक जातींचे योग्य प्रमाण, न झिजलेले कप्पे, जोडीला त्याच क्षारतेचे ऑस्ट्राकोडा, ही व्यवस्था झाली. तिच्यावरून 'येथे समुद्र राहत होता' असे म्हणता येते. झिलमिली या कसोटीवर अर्ध्याहून अधिक उतरते, म्हणूनच त्याच्याबद्दल इतके लिहावयाचे. मोहगावकलानच्या अंतःट्रॅपी थरातील नीपा या ताडवर्गीय वनस्पतीच्या फळांबाबत मात्र तसे म्हणवत नाही. बिरबल साहनी व रोडे यांनी १९३७ मध्ये तेथील वनस्पतींचे वर्णन केले. नीपा भरती-ओहोटीच्या चिखलात वाढते, म्हणून जवळ खाडी होती असे अनुमान होते. पण तिची फळे पाण्यावर तरंगत दूर जातात हेही तितकेच खरे आहे.

एकाच थराचे वाचन किती उलटे होऊ शकते ते जबलपूरच्या लॅमेटा थरांवरून दिसते. १९८१ मध्ये इंद्रबीर सिंग यांनी गाळाच्या रचनेवरून व त्यातील बिळांवरून ते भरती-ओहोटीच्या प्रदेशातील ठरविले. १९८७ मध्ये ब्रुकफिल्ड व अशोक साहनी यांनी तेच थर निमकोरड्या प्रदेशातील पूरमैदानाची जुनी माती म्हणून वाचले. थर बदलले नव्हते. बदलली होती ती त्यांतील कोणत्या खुणेला अधिक वजन द्यावयाचे याची निवड.

५

आता इंदापूरकडे परत येऊ. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला येथे एक अनपेक्षित धागा मिळतो. इंदापूरच्या पूर्वेस, भीमेपलीकडे सुमारे चाळीस किलोमीटरांवर कुर्डुवाडी आहे. १९७३ मध्ये कृष्णब्रह्मम् आणि नेगी यांनी दख्खनच्या लाव्हाखाली दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात असे प्रतिपादन केले. एक कोयनेची आणि दुसरी कुर्डुवाडीची. त्यांचा आधार गुरुत्वमापनाचा होता. भूपृष्ठावर काही पट्ट्यांत गुरुत्वाकर्षण अपेक्षेहून कमी भरते. खाली हलका पदार्थ असला तर असे होते, आणि गाळाने भरलेली दरी हा हलका पदार्थ होऊ शकतो. परंतु हलक्या जातीच्या ग्रॅनाइटनेही असे होते आणि भूकवच जाड असले तरीही होते. पुणे विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांनी पुढे कुर्डुवाडीच्या याच रेषेचा विचार खोलवरच्या कर्तनपट्ट्याच्या दृष्टीने केला आहे. एका आकड्याचे अनेक अर्थ संभवतात, याची जाणीव जाणत्या भूशास्त्रज्ञांस नेहमीच असते. ती नाहीशी होते ती त्यांच्या निष्कर्षांचा सारांश दुसरे कोणी लिहू लागले म्हणजे.

कोयनेचा निकाल खोदकामाने बराचसा लावला. २०११ च्या अखेरीपासून तेथे वैज्ञानिक हेतूने खोल विंधनविवरे घेण्यात आली. पहिल्या विवरात ९३२.५ मीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस जातीचा प्राचीन खडक लागला. मध्ये गाळ नव्हता. उलट १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे घेतलेल्या विवरात ३३८ मीटर बेसाल्टखाली ८ मीटर गाळ मिळाला. पश्चिमेस शून्य आणि पूर्वेस आठ मीटर. बारामती-इंदापूर या दोहोंच्या मध्ये. इतक्याने खचदरी असिद्ध होत नाही, कारण विवर म्हणजे सुईचे छिद्र. पण ती सिद्धही होत नाही. आणि १९७३ च्या अनुमानात एकही कवच नसल्याने, दरी सिद्ध झाली तरी तिच्यात समुद्र होता की सरोवर की नुसती नदी, हा प्रश्न जसाच्या तसा राहील.

अशा विधानांसाठी आमच्या शास्त्रात एक साधी सोय आहे. श्लायखरच्या काळापासून, ज्या शब्दरूपाचा लेखी पुरावा नाही, जे केवळ तुलनेने पुनर्रचित केले आहे, त्याच्या डोक्यावर तारका लावण्याचा प्रघात आहे. तारका म्हणजे अविश्वास नव्हे. हे रूप कोणी पाहिलेले नाही, एवढाच तिचा अर्थ. माझ्या प्रबंधात नीरेच्या खोऱ्यातील एका ग्रामनामाचे कन्नड मूळ मी ध्वनिसाम्यावरून दिले होते आणि कल्पिलेल्या रूपास तारका लावावयास विसरलो होतो. परीक्षकांनी समासात दुसरे काहीही न लिहिता फक्त एक तारका काढली होती. पुढे जुन्या कागदपत्रांत त्या नावाचे निराळे रूप मिळाले आणि ती व्युत्पत्ती मला सोडून द्यावी लागली. तारका लावलेली असती तर सोडताना इतके जड गेले नसते.

तारांकित रूप पुढे खरे ठरू शकते, हेही लक्षात ठेवावयास हवे. सोस्यूरने १८७९ च्या आपल्या निबंधात इंडो-युरोपीय मूळ भाषेत काही ध्वनी कल्पिले. कोणत्याही ज्ञात भाषेत ते उरलेले नव्हते. स्वरांच्या व्यवस्थेतील विसंगती दूर व्हावी म्हणून ते मानणे भाग होते. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे १९०६ पासून मातीच्या मुद्रालेखांचे उत्खनन झाले, १९१५ मध्ये ह्रोझ्नीने त्यांतील हिटाइट भाषा उलगडली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविचने दाखवून दिले की, सोस्यूरच्या कल्पित ध्वनींपैकी काहींच्या जागी हिटाइटमध्ये प्रत्यक्ष एक व्यंजन उभे आहे. सोस्यूर १९१३ मध्येच वारले होते. कुर्डुवाडीची खचदरी आज सोस्यूरच्या ध्वनीसारखी आहे. व्यवस्थेतील एक विसंगती तिने दूर होते. तिचा मुद्रालेख निघावयाचा आहे. लाव्हाच्या तळाचा गाळ वर येईल, तो चाळणीतून धुतला जाईल आणि त्यात काय निघते ते कोणीतरी कुंचल्याच्या टोकाने वेचील, तेव्हा तारका काढावयाची की रूपच खोडावयाचे ते ठरेल.

६

शेवटी मराठीतील परिभाषेविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. समुद्र जमिनीवर आला याला आपण 'समुद्राचे अतिक्रमण' म्हणतो. इंग्रजी पारिभाषिक शब्दाचा हा पर्याय व्युत्पत्तीने निर्दोष आहे. पण व्यवहारात 'अतिक्रमण' म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर बेकायदा ताबा. त्यामुळे जमीन ही मूळ मालक आणि समुद्र हा घुसखोर, असे चित्र शब्दातच तयार होते. शिवाय अतिक्रमण म्हटले की मोठा, टिकणारा ताबा डोळ्यांसमोर येतो. झिलमिलीच्या मीटरभर गाळाला हा शब्द फार सैल होतो. 'समुद्राचा शिरकाव' हे तेथे पुरे आहे. 'अतिक्रमण' बाघसारख्या ठिकाणी राखून ठेवावे.

'सागर' या शब्दाचेही तसेच. उजनीच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात; ते गौरवाचे नाव आहे, त्यात क्षार नाही. उलट नीरेच्या खोऱ्यात क्षार आहे आणि समुद्र नाही. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर बारामतीकडील जमिनी खारवट व चोपण होऊ लागल्या, आणि १९१० मध्ये मॅन व ताम्हणे यांनी या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कालव्याच्या पाण्याने भूजल वर येते, निचरा होत नाही, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. खारे पाणी लागले की 'येथे पूर्वी समुद्र असला पाहिजे' असे म्हणणारी माणसे मी या भागात भेटलो आहे. त्यांच्या आजोबांच्या वेळी तीच विहीर गोडी होती, हे त्यांतील काही जण त्याच संभाषणात सांगतात.

म्हणून विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः मराठीतून शास्त्रविषयक लेखन करू इच्छिणाऱ्यांना, अशी सूचना करावीशी वाटते की, क्रियापदे जपून वापरावीत. जे हाती आले ते 'सापडले', जे त्यावरून ठरते ते 'दिसते', जे दुसऱ्या आधारावर जोडले ते 'मानले जाते', आणि जे केवळ व्यवस्थेच्या सोयीसाठी कल्पिले त्यावर तारका असावी, निदान मनातल्या मनात. बाघचा समुद्र सापडला आहे. झिलमिलीचा समुद्र दिसतो. त्याचा मार्ग मानलेला आहे. कुर्डुवाडीची दरी तारांकित आहे, आणि तिच्यातील समुद्र तर अजून कोणी गंभीरपणे मांडलेलाही नाही. तो आमच्या बोलण्यात मात्र अधूनमधून डोकावतो.

त्या विद्यार्थ्याला यापैकी काही मी नंतर सांगितले. त्याने शिंपला परत मागून घेतला. तो गोड्या पाण्यातला असला तरी त्याची नोंद करावयाची आहे, असे तो म्हणाला. स्थळ, दिनांक आणि पाण्याच्या काठापासूनचे अंतर त्याने आधीच कागदावर लिहून ठेवलेले होते. आणताना ज्यात शिंपला गुंडाळला होता तोच तो कागद. मी त्या दिवशी तो उलगडून पाहिला नव्हता.